सोनोग्राफी नॉर्मल आली, पण ओटीपोट दुखायचं थांबलं नाही : विदर्भाच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य उपसंचालक, नागपूर परिमंडळ व अकोला परिमंडळ,
तसेच विदर्भातील अकराही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : महिनोन्महिने ओटीपोट दुखणाऱ्या बायांच्या तपासणीबाबत

सप्रेम नमस्कार.

सहा महिन्यांपासून ओटीपोट दुखतंय म्हणून बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात आली की पुढचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. पहिल्या खेपेला एक सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या. दुसऱ्या खेपेला पिवळं किट, म्हणजे जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचं पाकीट. तिसऱ्या खेपेला सोनोग्राफीची चिठ्ठी, आणि सोनोग्राफीचे डॉक्टर ज्या वारी येतात त्या वारी मजुरी बुडवून तालुक्याची फेरी. रिपोर्ट नॉर्मल येतो. मग "काही नाही बाई, टेन्शन घेऊ नका" म्हणून तिला घरी पाठवतात. नाहीतर रिपोर्टात "बल्की युटेरस", म्हणजे गर्भाशय मोठं, असं लिहून येतं आणि खाजगीत कोणीतरी सांगतं, पिशवीला सूज आहे, लेकरं झाली ना, काढून टाका. पिशवी निघते. दुखणं पुष्कळदा तसंच राहतं, कारण ते पिशवीचं नव्हतंच.

हे पत्र लिहिणाऱ्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आशा कार्यकर्त्या आहेत. आमचं म्हणणं एवढंच की सोनोग्राफी नॉर्मल आली की तपास बंद करू नये, तिथून तो नीट सुरू करावा. त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्या केंद्रात आजच आहे. कमी पडतात ती वीस मिनिटं आणि एक पडदा.

या विषयाची जगाला पहिली ठोस मोजणी विदर्भानेच दिली, हे आपल्याला सांगायला नको. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ती 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. 92 टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. ती मोजणी सगळ्याच स्त्रीरोगांची होती, एकट्या ओटीपोटदुखीची नव्हती. पण तपासणी न होण्याचा जो आकडा तेव्हा आला, त्याचं कारण आजही बऱ्याच ठिकाणी तेच आहे: बाईला टेबलावर घेतलंच जात नाही. बाकावर बसल्या बसल्या विचारलं जातं, "पांढरं जाते का?" आणि चिठ्ठी लिहिली जाते.

आता सोनोग्राफीचं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसते, मोठी फायब्रॉइड (गर्भाशयाची मांसल गाठ) दिसते, अंडाशयातलं पाणी दिसतं. गर्भाशयाबाहेरच्या पातळ पडद्यावर पसरलेला एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, दिसत नाही. चिकटलेली आतडी सहसा दिसत नाहीत. आवळलेला स्नायू, दबलेली नस, दुखरं मूत्राशय यातलं काहीच दिसत नाही. उलट जे दिसतं ते पुष्कळदा निरुपद्रवी असतं. गर्भाशयामागे थोडं पाणी असणं पाळीच्या मधल्या दिवसांत नेहमीचंच. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात 5 सेंटिमीटरपर्यंतची साधी, पातळ भिंतीची पाण्याची गाठ बहुतेक वेळा आपोआप जिरते. तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असणारच. हे तीन शेरे वाचून किती ऑपरेशनं होतात, ते आपल्याच कागदपत्रांतून काढता येईल. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर "पेन इन ॲब्डोमेन" एवढंच लिहिलं तर रेडिओलॉजिस्ट तरी काय शोधणार? पाळीचा कितवा दिवस, दुखणं कोणत्या बाजूला, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का, आधी कोणतं ऑपरेशन झालं, आणि योनीमार्गातून सोनोग्राफी हवी का, हे सगळं दोन ओळींत मावतं.

विचारपूस अशी व्हावी. एका बोटाने जागा दाखवायला सांगा. ती एकच बिंदू दाखवते की पूर्ण तळहात फिरवते, यावरूनच निम्मी दिशा कळते. एकच बिंदू दाखवणारीच्या पोटाच्या भिंतीचा संशय आधी घ्यावा. मग पाळीशी काय नातं, लघवीशी, शौचाशी, संबंधाशी, वाकून केलेल्या कामाशी, आणि आडवं झाल्यावर काय होतं. नसबंदी, सिझर, तांबी. सासू किंवा नवरा सोबत असेल तर त्यांना केसपेपर काढायला पाठवा. मारहाण, जबरदस्ती, संबंधाच्या वेळचं दुखणं हे प्रश्न त्यांच्यासमोर विचारणं म्हणजे न विचारल्यासारखंच. तिने सांगायचं टाळलं तर खोदू नये, पुढच्या भेटीत पुन्हा वाट मोकळी ठेवावी.

दोन महिन्यांची नोंद तिच्याकडूनच घ्यावी. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवसाला गोल. थोडं दुखलं तर एक रेघ, काम थांबवावं लागलं तर दोन, झोप उडाली तर तीन. गोळी घेतली त्या दिवशी टिंब. गोल येण्याच्या दोन-तीन दिवस आधी रेघा चढत जाऊन नंतर उतरत असतील तर एंडोमेट्रिऑसिस किंवा ॲडिनोमायोसिसकडे (तेच अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत वाढणं) बघावं. रेघा रोवणीच्या किंवा वेचणीच्या आठवड्यात गर्दी करत असतील तर स्नायूंकडे. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आशाने केसपेपरला जोडला तर मेडिकल कॉलेजातल्या निवासी डॉक्टरलाही एका नजरेत कळतं.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि घोळ तिथेच जास्त होतो. आधी लघवीची गर्भ तपासणी, नसबंदी झालेली असली तरी. नसबंदीनंतर राहिलेला गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते, आणि निश्चय किट आशाच्या पिशवीतच असतं. मग लघवी करवून टेबलावर घ्यावं. पोटाच्या दुखऱ्या बिंदूवर बोट ठेवून तिला हात छातीवर घेऊन डोकं आणि खांदे उचलायला सांगावं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते भिंतीतलं आहे. कमी झालं तर आतलं. या साध्या चाचणीला कार्नेट चाचणी म्हणतात, तिला अर्धा मिनिट लागतो आणि पैसा लागत नाही. सिझरच्या टाक्याच्या कोपऱ्यात नस दबलेली असेल तर तो बिंदू बोटाखाली नेमका सापडतो. तिथे वैद्यकीय अधिकारी बधिर करणारं एक टक्का लिग्नोकेन दोन-तीन मिली टोचू शकतात. पाच-दहा मिनिटांत दुखणं उतरलं तर निदानही झालं आणि उपचारही सुरू झाला.

त्यानंतर आतली तपासणी, तीही एकाच बोटाने. स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) नंतर. योनीच्या आत थोडं जाऊन घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी, म्हणजे मागच्या दोन्ही बाजूंना, स्नायूवर हलका दाब द्यावा. "रोज दुखतं ते हेच का?" असं विचारावं. ती हो म्हणाली तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले आहेत. त्यापुढे गर्भाशयाचं तोंड बोटाने हळूच इकडेतिकडे हलवावं. तेव्हा कळ आली तर जंतुसंसर्गाचा विचार. मग स्पेक्युलम, आणि सगळ्यात शेवटी दोन हातांची तपासणी. उलट क्रमाने, म्हणजे आधीच दोन हातांनी दाबून सुरुवात केली तर सगळंच दुखतं, आणि कशाचं दुखलं ते कोणालाच सांगता येत नाही. नोंदवहीत मग तोच ठरलेला शिक्का उमटतो: पीआयडी.

पीआयडी, म्हणजे नळ्यांचा जंतुसंसर्ग, खरा आजार आहे आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मूल राहणं अवघड होऊ शकतं. म्हणून संशय असेल तर किट द्यावंच. पण पिवळं किट म्हणजे सेफिक्सिम 400 मिलिग्रॅम एकदाच, डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चौदा दिवस. हे चौदा दिवस क्वचितच पूर्ण होतात, आणि त्याची कारणं बाईच्या निष्काळजीपणात शोधू नयेत. मेट्रोनिडाझोलने तोंड कडू पडतं, मळमळतं. डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं की अन्ननलिका जळते. ती जेवणानंतर ग्लासभर पाण्याने घ्यावी आणि अर्धा तास बसून राहावं, हे सांगायचं राहतं. त्याच गोळीने उन्हात कातडी भाजते, आणि बाई दिवसभर वावरात असते. त्यात लोहाची लाल गोळीही त्याच वेळी दिली जाते. ती डॉक्सिसायक्लिनला पोटात शोषूच देत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर हवं. नवऱ्याचा उपचार तर होतच नाही, तो वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे असतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं असतं. फरक नसेल तर वर पाठवायचं असतं. तेही होत नाही. किट एकदा नीट पूर्ण होऊनही दुखणं राहिलं तर त्याच बाईला दुसरं आणि तिसरं किट देण्याला आमच्या मते काहीच आधार नाही. गर्भ असण्याची शक्यता असेल तर डॉक्सिसायक्लिन देऊच नये.

जननेंद्रियांचा क्षय आपल्याकडे आहे आणि तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. पाळी कमी होत जाणं, मूल न राहणं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं यांपैकी काही सोबत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घ्यावा, शक्यतो पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात. आणि इथे एक चूक वारंवार होते. सगळा नमुना फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग ना कल्चर (जंतू वाढवून बघणं) होतं ना सीबीनॅटला (क्षयजंतू शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला) तो नमुना चालतो. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असंही होत नाही, कारण या नमुन्यात जंतू फार थोडे असतात.

एंडोमेट्रिऑसिस हा शहरातल्या शिकलेल्या बायकांचा आजार अशी समजूत आपल्या यंत्रणेतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे 10 टक्के मुलीबायांना तो असतो. वऱ्हाड किंवा झाडीपट्टी त्याला अपवाद असायचं कारण नाही. पाळीत शौचाला बसल्यावर कळ, संबंधाच्या वेळी खोल आत दुखणं, मूल न राहणं, आणि पाळीच्या दिवसांत शाळा किंवा मजुरी बुडणं ही त्याची लक्षणं. उपचार सुरू करण्यासाठी दुर्बिणीच्या तपासणीची वाट बघायची गरज नाही. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही आता तेच सांगतात. साधी वेदनाशामक गोळी, आयबुप्रोफेन 400 किंवा मेफेनॅमिक ॲसिड 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, पाळी यायच्या आदल्या दिवसापासून दोन-तीन दिवस. कळ डोक्यात गेल्यावर एक गोळी घेऊन उपयोग नाही, कारण तोवर कळा आणणारी रसायनं गर्भाशयात तयार होऊन चुकलेली असतात. आम्लपित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या गोळ्या जपून.

तेवढ्याने भागलं नाही तर हार्मोन. आपल्याकडे फुकट मिळणारी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी त्यासाठी पुरेशी आहे. पाकिटातल्या 21 हार्मोनच्या गोळ्या संपल्या की लोहाच्या 7 गोळ्या बाजूला ठेवून लगेच दुसरं पाकीट सुरू करायचं, असं तीन महिने. मधे थोडे डाग पडतात, ते आधीच सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्याच आठवड्यात गोळी सोडते. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर, डोळ्यांपुढे काजवे चमकून होणारी अर्धशिशी, पायात गुठळी झालेली असणं, सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पिणारं बाळ यांपैकी काही असेल तर माला-एन नको; अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचा विचार डॉक्टरांनी करावा. क्षयाचं औषध चालू असेल तर रिफाम्पिसिनमुळे माला-एनचा असर घटतो. अविवाहित मुलीला माला-एन देताना आशा बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं खरं आहे: गावात त्या गोळीचा एकच अर्थ घेतला जातो. त्यासाठी गोळी पाकिटातून काढून देऊ नये. "पाळीच्या दुखण्याचं औषध" असं डॉक्टरांनी स्वतः लिहून, आईसमोर सांगावं.

आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालंय ते स्नायूंकडे. पूर्व विदर्भात रोवणी, पश्चिमेला निंदण, सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. सहा-सात तास कंबरेत वाकून, कंबरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो आणि त्याचा भार ओटीपोटासमोर ओढत राहतो. लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही आणि आलेली लघवी धरून ठेवायची. लघवी धरायला जे स्नायू आवळावे लागतात तेच हे तळाचे स्नायू. महिनोन्महिने आवळून ठेवले की ते सैल पडायचंच विसरतात. अशा बाईला "केगल करा" सांगणं म्हणजे आगीत तेल, कारण तो व्यायाम आवळण्याचा आहे. तिला सैल सोडणं शिकवावं लागतं. पाठीवर झोपून पाय खाटेवर किंवा धान्याच्या पोत्यावर गुडघ्यात वाकवून ठेवावेत, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्यावं आणि त्याच वेळी खालचा भाग लघवी सोडताना सोडतो तसा सैल सोडावा. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. ओटीपोटावर किंवा कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं. वेचलेला कापूस ओटी अर्धी भरली की गाठोड्यात रिता करावा. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. आठवड्यात पडत नाही, हेही सांगावं.

लघवीच्या जळजळीसाठी दरवेळी अँटिबायोटिक देण्याआधी एकदा तरी कल्चर पाठवावं. कल्चर वारंवार स्वच्छ येतं, मूत्राशय भरलं की दुखतं, रिकामं झालं की बरं वाटतं, तर तो दुखऱ्या मूत्राशयाचा आजार आहे, जंतूंचा नाही. शौच झाल्यावर उतरणारं, फुगण्यासोबत येणारं दुखणं आतड्याचं. आणि आपल्या भागात पोटदुखीसोबत हातपाय, पाठ दुखत असतील, डोळे पिवळट असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्या. सिकलसेलचा झटका काही जणींना नेमका पाळीच्या सुमारास येतो आणि पाळीचं दुखणं म्हणून सोडून दिला जातो. सिकलसेल निघाला तर हार्मोनचा निर्णय तज्ज्ञांकडेच ठेवावा.

मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमपासून सुरू करता येते. औषध दुकानदार "हे डोक्याचं आहे" म्हणाला की घरचे ते बंद करतात, म्हणून कमी मात्रेत ते दुखण्याचं औषध आहे हे चिठ्ठीवर लिहावं. गॅबापेंटिनचा मात्र सरसकट मारा नको. कारण न सापडलेल्या ओटीपोटदुखीत ते खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, असं ब्रिटनमधल्या चाचणीत 2020 मध्ये दिसून आलं. झोप आणि चक्कर मात्र वाढली.

आता पिशवीचं. ॲडिनोमायोसिस, मोठ्या फायब्रॉइड, अंग बाहेर येणं, कर्करोग यांत गर्भाशय काढणं योग्य असू शकतं, त्याला आमचा विरोध नाही. पण पस्तिशीच्या बाईचं गर्भाशय "पांढरं जातं आणि कंबर दुखते" एवढ्यावर काढलं जाऊ नये. सोबत अंडाशयही काढलं तर पाळी गेल्याचे सगळे परिणाम दुसऱ्याच महिन्यापासून, हाडं ठिसूळ होण्यापासून हृदयविकाराच्या धोक्यापर्यंत. केंद्र सरकारने 2022 मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि राज्यांनी त्या अमलात आणाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सांगितलं. त्यांत जिल्हास्तरावर देखरेख समिती आहे, खाजगी दवाखान्यांतल्या शस्त्रक्रियांचीही नोंद आहे. आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी बसली, आणि चाळिशीच्या आतल्या किती शस्त्रक्रियांची कारणं तिने तपासली, हा आमचा आपल्याला पहिला प्रश्न.

दुसरं, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार या तपासणीसाठी ठेवा, आणि ती बाजाराच्या दिवशी ठेवा. बाई त्या दिवशी गावाबाहेर पडतेच, घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही. महिन्याची 9 तारीख नको, तो गरोदर मातांच्या गर्दीचा दिवस. गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीसाठी घेतलेलं टेबल, दिवा आणि स्पेक्युलम त्याच खोलीत असतात. पडदा आणि आतून लागणारी कडी तेवढी बसवावी. वैद्यकीय अधिकारी पुरुष असेल तर परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांना एक बोटाची तपासणी शिकवा. एका दिवसाचं हातांनी करून बघण्याचं प्रशिक्षण पुरतं, स्लाइड दाखवून भागत नाही.

तिसरं, नोंदवहीत "कारण अद्याप सापडलेलं नाही" असा रकाना द्या. तो नसल्यामुळेच सगळं दुखणं पीआयडीत ढकललं जातं आणि आपल्या आकडेवारीत संसर्ग फुगतो.

चौथं, नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांशी बोलून प्रत्येक ठिकाणी एक ठरलेला वार मिळवा, ज्या दिवशी स्त्रीरोग, शल्यचिकित्सा, फिजिओथेरपी आणि मानसोपचार एका मजल्यावर बघतील. आज गडचिरोलीच्या टोकाची बाई चार विभागांसाठी चार वेळा जाते, किंवा एकदा जाऊन पुन्हा जातच नाही. तिथून परत येताना काय सापडलं, काय नाही आणि पुढे काय करायचं याची मराठीतली चिठ्ठी तिच्या हातात पडावी.

काही गोष्टींना मात्र यातलं काहीही लावू नये. पाळी चुकून एका बाजूला जोराची कळ आणि घेरी, अचानक सहन न होणारं दुखणं, ताप आणि उलट्यांसोबत ताठलेलं पोट, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, यांत कॅलेंडर आणि किट बाजूला ठेवून त्याच दिवशी वर पाठवावं, गरज असेल तिथे 108 बोलावून. पन्नाशीनंतर नव्याने पोट फुगणं आणि थोडं खाऊनच भरल्यासारखं वाटणं सुरू झालं असेल तर अंडाशयाच्या कर्करोगासाठी सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ताची तपासणी.

तपासणीचा एक पानी तक्ता आणि कॅलेंडरच्या खुणांचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. तो आपल्या नावाने छापून वाटायला आमची हरकत नाही. वेचणी सुरू झाली की बाया दवाखान्यात येत नाहीत, त्यामुळे दसऱ्याच्या आत किमान एका तालुक्यात ही दुपार सुरू करता येईल का आणि कोणत्या, एवढं लेखी कळवावं. प्रशिक्षणाला लागणारी माणसं आम्ही देऊ.

आपल्या,
विदर्भाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आशा कार्यकर्त्या